पाचवीचा उंबरठा

(शाळेच्या पालक मेळाव्यात, पाचवीत प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



या व्यासपीठावर मी शिक्षणतज्ज्ञ म्हणून उभा नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. माझा व्यवसाय पत्रकारितेचा. शिक्षण कला शाखेचे. गणिताशी माझे नाते इतके दुरावलेले आहे की, घरातील किराण्याची यादीसुद्धा माझ्याकडून दोनदा तपासून घेतली जाते. तरीही मुख्याध्यापकांनी मला बोलावले, कारण बालशाखेच्या आणि संस्कार वर्गाच्या कामाच्या निमित्ताने गेली अनेक वर्षे दहा-अकरा वर्षांची मुले माझ्या सहवासात आहेत. दुसरेही एक कारण आहे. माझ्या स्वतःच्या मुलीच्या पाचवीच्या वर्षी बाप म्हणून मी नापास झालो होतो. त्या नापास होण्यातून जे शिकलो, तेच आज प्रामुख्याने सांगणार आहे.

पालक मला नेहमी विचारतात की, पाचवीत अभ्यास फार वाढतो का? वाढतो, परंतु ती मोठी गोष्ट नव्हे. पाचवीत घडणारी मोठी गोष्ट निराळीच आहे. या वर्षी मूल आयुष्यात प्रथम काही गोष्टी आपल्यापासून लपवू लागते. चौथीपर्यंतचे मूल दारातून आत येता येताच शाळेतला सगळा वृत्तांत सांगून मोकळे होते. पाचवीतले मूल दप्तर ठेवते, पाणी पिते आणि 'काही नाही' म्हणते. त्या 'काही नाही'मागे काय आहे, हे ज्या घराला कळते, त्या घराने पाचवी जिंकली असे मी समजतो.

उंबरठा म्हणजे काय?

माझ्या पिढीला पाचवी हा शब्द उच्चारला की शाळेची नवी इमारत आठवते. गावात चौथीपर्यंतची शाळा असे. पुढे पाचवीपासून हायस्कूल. एका गुरुजींच्या पंखाखालून निघून तासागणिक बदलणाऱ्या शिक्षकांपुढे जाऊन बसायचे. इंग्रजीची मुळाक्षरेही पाचवीतच प्रथम भेटत. जिला वाघिणीचे दूध म्हटले गेले, ती भाषा आम्ही दहाव्या-अकराव्या वर्षी, बिचकत बिचकत चाखली. पुढे २००० साली आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले आणि पाचवीचा तो एक धाक संपला. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा मानला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तिसरी ते पाचवी ही तीन वर्षे पूर्वतयारीचा टप्पा म्हणून धरलेली आहेत. याचा अर्थ असा की, पूर्वीची पाचवी ही माध्यमिक शाळेची पहिली पायरी होती, तर आजच्या रचनेत ती प्राथमिक शिक्षणाची अखेरची पायरी आहे. पायरी तीच, केवळ तिच्याकडे पाहण्याची दिशा बदलली.

आपल्या नीतिकारांनी मुलाच्या वाढीचे टप्पे फार पूर्वी सांगून ठेवले आहेत. पहिली पाच वर्षे लाडाची, पुढची दहा शिस्तीची आणि सोळाव्या वर्षापासून मित्रत्वाची. दहा वर्षांचे मूल या शिस्तीच्या दशकाच्या ऐन मध्यावर उभे असते. लाड अजून सुटलेले नसतात आणि मैत्री अजून दूर असते. म्हणून या वयाच्या मुलाशी कसे वागावे, याचा संभ्रम आईवडिलांना पडतो. लाड करावे तर ते लाजते, धाक दाखवावा तर रुसते. हा संभ्रम स्वाभाविक आहे, त्याने खचून जाऊ नये.

पुस्तकात काय बदलते?

आता अभ्यासाकडे वळू. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते. पाचवीपासून त्याला शिकण्यासाठी वाचावे लागते. हा फरक लहान वाटला तरी सगळ्या अडचणींचे मूळ त्यात आहे. गणिताचे शाब्दिक उदाहरण ज्याला नीट वाचता येत नाही, त्याचे गणित चुकते आणि आपण म्हणतो, याचे गणित कच्चे आहे. वस्तुतः त्याचे वाचन कच्चे असते.

'प्रथम' या संस्थेची 'असर' नावाची पाहणी आपल्यापैकी काहींच्या वाचनात आली असेल. २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचू शकणारी मुले जवळपास निम्मीच निघाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे तर सुमारे तीस टक्के मुलांनाच जमले. हे आकडे ग्रामीण भागाचे असले, तरी शहरातल्या पालकांनी निश्चिंत राहू नये. आज घरी गेल्यावर एक प्रयोग करा. वर्तमानपत्रातली आठ-दहा ओळींची साधी बातमी मुलाला मोठ्याने वाचायला द्या आणि मग 'काय झाले, ते तुझ्या शब्दांत सांग' असे म्हणा. मूल अडखळले तर रागावू नका. रोज एक बातमी, एवढाच नेम दोन महिने चालवा. शिकवणीला लावण्याआधी हा उपाय करून पाहावा.

गणितात पाचवीला खरी भेट होते ती अपूर्णांकांशी. समच्छेद अपूर्णांकांची बेरीज मुलांना जमते. छेद निराळे झाले की गाडी अडते. पुढे दशांश अपूर्णांक, कोन, परिमिती, क्षेत्रफळ, विभाजक आणि विभाज्य, आणि शेवटी बीजगणिताची पूर्वतयारी. या साऱ्यांचा पाया पाढे आणि भागाकार हाच आहे. भागाकार पक्का नसलेले मूल अपूर्णांकांत अडते, आणि अपूर्णांकांत अडलेले मूल आठवीत गणिताला घाबरते. तेव्हा आठवीतल्या शिकवणीचे पैसे वाचवायचे असतील, तर पाचवीच्या पहिल्या दोन महिन्यांत भागाकार तपासून घ्या.

इतिहासाची गंमत तर आणखीच वेगळी आहे. चौथीच्या वर्षभर आपले मूल शिवरायांच्या सहवासात असते. तोरणा, प्रतापगड, पुरंदर, रायगड यांनी त्याचे मन भारून गेलेले असते. गेली काही वर्षे चालत आलेल्या पाचवीच्या पुस्तकात ते एकदम अश्मयुगात जाऊन पोहोचते. इतिहास म्हणजे काय, काळ कसा मोजतात, दगडाची हत्यारे कशी होती, शेती कशी सुरू झाली, नागरी संस्कृती कशा उभ्या राहिल्या, हे विषय येतात. पुष्कळ मुलांचा येथे हिरमोड होतो. 'यात लढाई कुठे आहे?' असे एका बाल स्वयंसेवकाने मला विचारले होते. मी त्याला म्हणालो, 'अरे, ज्या मातीसाठी महाराज लढले, त्या मातीत माणूस प्रथम स्थिर कसा झाला, त्याची ही कथा आहे.' त्याला ते पटले. आपणही मुलाला एखादे वस्तुसंग्रहालय दाखवावे, हडप्पा संस्कृतीच्या नगररचनेची चित्रे दाखवावी. आपली संस्कृती प्राचीन आहे हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. ती किती प्राचीन आणि कशी, हे समजून घेण्याचा अभ्यास पाचवीतच सुरू होतो.

परिसर अभ्यासाच्या त्याच संचात 'कुटुंबातील मूल्ये' असा एक पाठही आहे. त्याचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण त्या पाठाची परीक्षा शाळेत होत नाही, आपल्या घरी होते. नव्या धोरणानुसार अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. पुस्तके बदलतील, पाठ बदलतील, तथापि या एका पाठाची घरातली परीक्षा बदलणार नाही.

परीक्षा आली म्हणजे

पालकांच्या मनातील खरी धास्ती परीक्षेची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी, जो अनुत्तीर्ण होईल त्याला दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावी, आणि तरीही न जमल्यास त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे राज्याने ठरवावे, असे त्या दुरुस्तीचे स्वरूप आहे. आपल्या राज्याने २०२३ मध्ये त्यानुसार नियम केले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा सुरू झाली. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांत प्रत्येकी पस्तीस टक्के गुण मिळवणे आवश्यक ठरले. पुनर्परीक्षेतही न जमल्यास मूल पाचवीतच राहते.

याचा धसका घेण्याचे कारण नाही. पस्तीस टक्के ही काही गडाची तटबंदी नव्हे. शिवाय पुनर्परीक्षेपूर्वी मुलाला अधिकचे मार्गदर्शन द्यावे, अशी व्यवस्था आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. शालेय जीवनात 'तू येथेच थांब' असे मुलाला सांगू शकणारी ही पहिलीच परीक्षा आहे. मुलांना हे ठाऊक असते. मैदानावर, रिक्षात, डब्याच्या सुट्टीत ती आपापसांत त्याची चर्चा करतात. आपल्यासमोर मात्र ती बोलत नाहीत. लपवण्याचा आरंभ बहुधा येथूनच होतो.

याखेरीज बाहेरच्या परीक्षा आहेत. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा मात्र पाचवीतल्या मुलांसाठीच असते. सहावीच्या प्रवेशासाठी एका विद्यालयात ऐंशीपर्यंत जागा, त्यांतील किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. ही परीक्षा एकदाच देता येते. सैनिकी शाळांचा सहावीचा प्रवेशही याच वर्षीच्या परीक्षेवर ठरतो. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून उभी आहे. गेल्या काही वर्षांत सैनिकी शाळांची दारे मुलींसाठीही उघडली, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेसारखी शाळा तर पाचवीच्या प्रवेशासाठीच मुलांची निवड करते. अशी शाळा निवडीसाठी हेच वय धरते, यातच या वयाचे मोल स्पष्ट होते.

मुलाची ओढ असेल तर या परीक्षांना अवश्य बसवा. मात्र परीक्षेचा अर्ज भरताना मुलाला एक वाक्य सांगा, 'निवड झाली नाही तरी आपल्या घरात काहीही बदलणार नाही.' आणि निकालानंतर ते वाक्य पाळा. मी ते पाळले नव्हते.

रद्दीतली उत्तरपत्रिका

आता ती गोष्ट सांगतो. माझी मुलगी पाचवीत होती तेव्हाची. आदल्या वर्षी, म्हणजे चौथीत, ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली होती. त्या काळी ती परीक्षा चौथीला होती. मुलगी हुशार. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत असे की, आमची कन्या यादीत येणारच. ती यादीत आली नाही. मी तिला एका शब्दानेही बोललो नाही. मी फार समजूतदार बाप आहे, अशी त्या वेळी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी तिच्याशी दोन दिवस धड बोललोच नव्हतो.

पाचवीत दिवाळीच्या आधी घरातली रद्दी काढायला बसलो. पत्रकाराचे घर, तेव्हा जुन्या अंकांचे गठ्ठे भिंतीला लागलेले. एका गठ्ठ्यात, दोन अंकांच्या मध्ये, गणिताच्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका घडी घालून ठेवलेली सापडली. वीसपैकी सहा गुण. आणि खाली पालकांची स्वाक्षरी, माझी. अक्षर तिचे, वळण माझे. सहा गुणांचे मला तितके काही वाटले नाही. स्वाक्षरी पाहून मात्र हातापायांतले बळ गेले.

मी तिला हाक मारली. कागद पाहताच ती रडू लागली. 'रद्दीत का ठेवलास?' असे विचारले. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही जुने अंक कधी उघडत नाही ना, म्हणून.' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'तुम्ही रागावला असता तर चाललं असतं. पण तुम्ही बोलत नाही तेव्हा भीती वाटते.'

मित्रहो, दिवसभर जगाला प्रश्न विचारत फिरणारा मी. माझ्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला सहा महिने काय वाटत होते, हे मला एका रद्दीच्या गठ्ठ्याने सांगितले.

वाट माझ्या आईने काढली. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिने ती उत्तरपत्रिका मागून घेतली आणि नातीला म्हणाली, 'मला हे काही येत नाही, तू मला शिकव.' पहिलेच उदाहरण अपूर्णांकांच्या बेरजेचे होते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मुलीने वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवून दोन पंचमांश असे उत्तर लिहिले होते. आईने टोपलीतून भाकरी घेतली, अर्धी मोडून ताटात ठेवली आणि म्हणाली, 'ही अर्धी. आता हिच्यात आणखी तिसरा हिस्सा घातला. मग तुझ्या उत्तराप्रमाणे ती अर्ध्याहून कमी कशी होईल गं?' मुलगी भाकरीकडे पाहतच राहिली. मग तिनेच दुसरी भाकरी घेऊन तिचे सहा भाग केले. अर्धीचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन, मिळून पाच. पाच षष्ठांश. त्या संध्याकाळी आमच्या घरात भाकऱ्यांचे तुकडे पुष्कळ झाले आणि ते सगळ्यांनी आनंदाने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी मुलीबरोबर शाळेत गेलो. वर्गशिक्षिकेंना खरे काय ते तिनेच सांगितले, मी शेजारी उभा होतो. बाईंनी कागदावर पुन्हा माझी स्वाक्षरी घेतली आणि एवढेच म्हणाल्या, 'आता ही खरी झाली.' तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आधी जेवायला वाढायचे, मग बोलायचे.

घराने काय करावे?

या अनुभवातून निघालेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ही की, पाचवीत मुलाचा अभ्यास आपण करू नये आणि पूर्ण सोडूनही देऊ नये. चौथीपर्यंत आई शेजारी बसून वही भरून घेते. पाचवीत तिने त्याच खोलीत, थोडे दूर, आपले काम करत बसावे. मुलाने विचारले तर सांगावे. दप्तर मुलाने भरावे. एखादे दिवशी वही राहिली तर राहू द्यावी, ती धावत शाळेत पोहोचवू नये. शाळेत होणारी ती लहानशी फजिती पुढच्या मोठ्या फजितीपासून वाचवते.

दुसरी, दिवसातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे. संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे जे पंच परिवर्तन ठेवले, त्यात कुटुंब प्रबोधन आहे. पुष्कळांना तो मोठ्या कार्यक्रमांचा विषय वाटतो. माझ्या मते त्याचा आरंभ ताटापासून होतो. ताटावर गुणांची चौकशी नको. 'आज वर्गात कोणाला बक्षीस मिळाले?' यापेक्षा 'आज कोणाला वाईट वाटले?' असे विचारून पाहा. मूल दुसऱ्याचे सांगता सांगता स्वतःचे सांगून जाते.

तिसरी गोष्ट माध्यमाविषयी. पाचवीच्या तोंडावर पुष्कळ पालक मराठी माध्यमातले मूल इंग्रजी माध्यमात हलवतात, किंवा शाळेवर सेमी-इंग्रजीचा आग्रह धरतात. त्यामागची चिंता मी समजू शकतो. परंतु विचार करा. ज्या वर्षी अपूर्णांकांची कल्पनाच नवी आहे, त्याच वर्षी ती कल्पना समजून घेण्याची भाषाही आपण बदलतो. एकाच वेळी दोन अनोळखी गोष्टी मुलापुढे ठेवतो. राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. इंग्रजी उत्तम यायला हवे, त्याबद्दल वाद नाही. ते भाषा म्हणून रोज अर्धा तास मन लावून शिकवा. त्यासाठी गणिताचा बळी देऊ नका. आणि ज्यांची मुले आधीपासून इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. त्यांनी घरात मराठी वाचन टिकवावे म्हणजे झाले. जे मूल मनातली भीती मातृभाषेत सांगू शकते, ते सहसा ती लपवत नाही.

चौथी गोष्ट थोडी नाजूक आहे. या वयात, विशेषतः मुलींच्या, शरीरात बदल सुरू होतात. काहींना दहाव्या-अकराव्या वर्षीच मासिक पाळी येते. आईने हे आधी सांगून ठेवावे, मैत्रिणींकडून अर्धेमुर्धे कळण्याची वाट पाहू नये. मुलग्यांशी वडिलांनी बोलावे. शील आणि संकोच यांची गल्लत आपल्या समाजात फार झाली आहे. शुद्ध मनाने, साध्या शब्दांत सांगितलेल्या गोष्टीने शीलाला बाध येत नाही. जे आईवडील सांगत नाहीत, ते हातातला मोबाईल सांगतो आणि तो विकृत करून सांगतो. मोबाईलविषयी वेगळे व्याख्यान देत नाही. बापाच्या हातातला खाली ठेवला तर मुलाच्या हातातला खाली ठेवायला सांगता येतो, एवढेच.

आपल्या मुलाबरोबर आणखी एक

शेवटचा मुद्दा. आज या सभागृहात बसलेल्या प्रत्येक मुलामागे कोणीतरी आहे. आई आहे, वडील आहेत, कोठे आजी-आजोबा आहेत. पण याच गावातल्या वस्तीत पाचवीतली अशी मुले आहेत, ज्यांच्या घरी वही पाहणारे कोणी नाही. आई चार घरची धुणीभांडी करून येते, वडील रात्रपाळीला. त्या मुलाची उत्तरपत्रिका रद्दीत लपवावी लागत नाही, कारण ती मागणारेच कोणी नसते. पाचवीत अनुत्तीर्ण होऊन मागे राहण्याचा धोका आपल्या मुलांपेक्षा त्याला कितीतरी अधिक आहे. आणि जे मूल अकराव्या वर्षी मागे राहते, त्याची शाळा सुटण्याची भीती पुढे वाढत जाते. वही बंद झाली की हातात चहाची किटली येते.

आपण समरसतेवर बोलतो, सेवेवर बोलतो. माझी प्रत्येक कुटुंबाला एकच विनंती आहे. या वर्षी आपल्या मुलाबरोबर आणखी एक पाचवीतले मूल आपल्या घरी अभ्यासाला बसू द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एक एक तास. देणगी नको, कार्यक्रम नको, छायाचित्र तर नकोच. आपल्याच सतरंजीवर, आपल्याच मुलाच्या शेजारी, आपल्याच ताटातली भाकरी मोडून त्याला अपूर्णांक समजू द्या. याने त्या मुलाचा भागाकार सुधारेल हे तर आहेच. आपले मूलही दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतः पक्के होईल, जशी माझी मुलगी आजीला शिकवताना झाली. आपण सारे एका समाजाचे आहोत, हे त्या दोघांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

बंधू-भगिनींनो, माझी ती मुलगी आज नोकरी करते. परवा तिला विचारले, पाचवीतले तुला काय आठवते? मला वाटले, ती रद्दीचा प्रसंग सांगेल. ती म्हणाली, 'आजीच्या हातची ती सहा तुकडे केलेली भाकरी.' तिच्या मनातून गुण गेले, भीती गेली, खोटी स्वाक्षरीही गेली. भाकरी तेवढी राहिली.

जूनमध्ये आपली मुले पाचवीचा उंबरठा ओलांडतील. दप्तर जड होईल, पुस्तके वाढतील, अधूनमधून गुण कमी पडतील. त्या दिवशी मूल दारात 'काही नाही' म्हणून उभे राहिले, तर त्याला आधी पोटभर वाढा. पुढचे ते स्वतःच सांगेल.



भारत माता की जय!